छावणी उठली, बाजार राहिला

जालना शहरात कुंडलिका नदी ओलांडताना परक्या माणसाच्या ध्यानातही येत नाही, की आपण एका गावातून दुसऱ्या गावात जात आहो. नकाशावर जालना एकच आहे. परंतु रहिवाशांच्या बोलण्यात ती निदान दोन गावे आहेत. एक 'कदीम जालना'. कदीम म्हणजे जुने. दुसरा 'सदर बाजार'. या दोन्ही नावांची दोन निरनिराळी पोलीस ठाणी शहरात आहेत. शाळेत असताना मी मुलांना विचारीत असे, "सदर बाजार म्हणजे काय रे?" सरकारी कागदांत 'सदर अर्जदार', 'सदर इसम' असे वाचण्याची सवय झालेली हुशार मुले चटकन सांगत, "गुरुजी, सदर म्हणजे वर सांगितलेला!" उत्तर चुकीचे असले तरी हसण्यासारखे नव्हते. कारण हा बाजार 'वर सांगितलेला' खरा, पण ज्याच्या संबंधाने तो सांगितला गेला, ती मूळ वस्तू शंभराहून अधिक वर्षांमागे नाहीशी झाली आहे. ती वस्तू म्हणजे लष्कराची छावणी. हिंदुस्थानात ज्या गावी सदर बाजार आहे, तेथे केव्हा तरी पलटण राहून गेली आहे असे बहुधा खुशाल समजावे. छावणीतील मुख्य बाजाराला हे नाव असे.

इतिहासाच्या पुस्तकात लष्कर हलते ते एका वाक्यात. 'अमुक सेनापती तमुक ठिकाणी येऊन दाखल झाला' एवढे लिहिले, की पुढची ओळ लढाईची. मीही तीस-बत्तीस वर्षे तसेच शिकविले. परंतु 'येऊन दाखल झाला' या तीन शब्दांत किती माणसांचे बिऱ्हाड मोडते आणि पुन्हा मांडले जाते, याचा विचार फार उशिरा सुचला. तो कसा सुचला हे शेवटी सांगेन. आज जालन्याच्या छावणीच्या निमित्ताने एवढेच पाहावयाचे आहे, की नव्या ठाण्यावर लष्कर येते म्हणजे नेमके कोण येते, आणि लष्कर जाते तेव्हा मागे कोण राहते.

प्रथम 'छावणी' हा शब्दच घेऊ. छावणे म्हणजे गवताने, पाल्याने छप्पर शाकारणे. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलुखगिरीस निघत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत फिरत. परतणे शक्य नसेल तेव्हा फौज एखाद्या सोयीच्या जागी चार महिने छपरे घालून राही. त्यास 'छावणी करणे' म्हणत. म्हणजे आपली छावणी ही पावसापुरती होती. पाऊस सरला, की छप्पर उतरले आणि घोड्यावर खोगीर चढले. इंग्रजांनी शब्द आपला घेतला, अर्थ मात्र पालटला. त्यांची छावणी दगडविटांची, आखीव रस्त्यांची, कवाइतीच्या मैदानाची, बाराही महिन्यांची झाली. फौज बदलली तरी ठाणे तेच राहू लागले. एक पलटण निघे, तिच्या जागी दुसरी येई.

जालन्याला हे भाग्य का लाभले, हे समजण्यास १८०३ सालाकडे जावे लागते. त्या वेळी जालना शिंद्यांच्या अमलात होते. दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले आणि २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला बदनापूर येथे स्टीव्हन्सन व जनरल आर्थर वेलस्ली यांची भेट झाली, आणि दोघांनी दोन वाटांनी जाऊन पुढे एकत्र व्हावे असा बेत ठरला. परंतु २३ तारखेलाच शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी वेलस्लीची एकट्याची गाठ पडली. हेच असईचे प्रसिद्ध युद्ध. बदनापूर आणि असई ही दोन्ही गावे आज जालना जिल्ह्यात आहेत. डिसेंबर १८०३ मधील सर्जी-अंजनगावच्या तहाने जालना शिंद्यांच्या हातून गेले व निजामाच्या राज्यास जोडले गेले.

या मोहिमेत इंग्रजांना एक गोष्ट कळून चुकली, ती म्हणजे जालन्याच्या जागेचे मोल. उत्तरेस अजिंठ्याचा घाट आणि त्यापलीकडे खानदेश, ईशान्येस वऱ्हाड व नागपूर, पश्चिमेस औरंगाबाद, दक्षिणेस गोदावरी. चहूकडे धान्य, कापूस व वैरण पिकविणारी काळी जमीन. गावाला पाण्याची जुनी सोय. मोती तलाव हा जमशेदखानाने बांधविला असे परंपरा सांगते. आणि 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्या पेठेवरून पडली, ती पेठ. फौजेला जे जे लागते, ते ते येथे होते. १८१७ साली नागपुरास आप्पासाहेब भोसल्यांशी बिघाड झाला, तेव्हा ब्रिगेडियर-जनरल डव्हटन हा जालन्याकडूनच हैदराबादची तैनाती फौज घेऊन धावला आणि डिसेंबरात नागपुरास पोहोचला. पुढे १८२७ साली येथे कायमची छावणी वसली. ती १९०३ पर्यंत, म्हणजे ७६ वर्षे नांदली.

येथे दोन फौजांतील भेद सांगितला पाहिजे, कारण तो पुष्कळदा विसरला जातो. १७९८ व १८०० च्या तहांनी निजामाच्या राज्यात राहिली ती कंपनी सरकारची तैनाती फौज. तिच्यात मद्रास इलाख्याच्या पलटणी होत्या. दुसरी फौज नावाने निजामाची, परंतु अधिकारी इंग्रज. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ साली उभारलेली रसेल ब्रिगेड हे तिचे बीज. हिलाच पुढे हैदराबाद कंटिन्जंट हे नाव मिळाले. तिचे मुख्य ठाणे हैदराबादजवळ बोलारम येथे असून औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर, लिंगसुगूर अशी ठाणी दूरवर पसरलेली होती. शिपायाचे आयुष्य या ठाण्यांमधून फिरण्यात जाई.

आता हे फिरणे कसे होते ते पाहा. बदलीचा हंगाम पावसाळ्यानंतरचा. आमच्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. तोफ तर जागची हलत नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास हुकूम यावयाचा आणि थंडीत कूच व्हावयाची. दिवसाची मजल साधारणपणे दहा-बारा मैलांची. पहाटे अंधारात तंबू उतरावयाचे, ऊन चढण्यापूर्वी पुढचा मुक्काम गाठावयाचा. मुक्कामाची जागा आखण्यासाठी काही माणसे अगोदर पुढे जात. हैदराबादेहून जालना सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे अडीचशे मैल. मधले विसाव्याचे दिवस धरले, तर हा प्रवास एका महिन्याचा होतो.

आणि हा महिनाभराचा प्रवास एकट्या शिपायाचा नव्हता. बंगालच्या फौजेतील शिपाई बहुधा बायकामुले गावी ठेवून नोकरीवर येई. मद्रासच्या शिपायाची रीत वेगळी. त्याचे सारे कुटुंब पलटणीबरोबर चाले. म्हातारी आई, बायको, पाळण्यातले मूल, कधी विधवा बहीण, आणि गाडीत जाते, हंडा, अंथरुणाच्या वळकट्या, कोंबड्यांचे खुराडे. हुकूम शिपायाच्या नावाचा. पण तो पाळावयाचा सगळ्या घराने. गाडीभाड्याचा भुर्दंडही पुष्कळदा त्याच्याच पगारावर पडे.

पलटण नव्या ठाण्यावर पोहोचली म्हणजे साहेबांसाठी बंगले असत. जुन्या पलटणीचे अधिकारी निघताना आपले सामानसुमान, मेजखुर्च्या, घोडेसुद्धा लिलावात काढीत आणि नवे येणारे ते घेत. एकाच टेबलावर तीन पलटणींच्या साहेबांनी जेवावे, असा प्रकार. शिपायाला बंगला कोठला! त्याला 'लाइनीत' आखून दिलेली जागा मिळे आणि झोपडी बांधण्यासाठी थोडासा भत्ता. भिंत त्याने घालावयाची, छप्पर त्याने शाकारावयाचे. छावणी या शब्दाचा मूळ अर्थ इंग्रजांनी बदलला असे मी मघाशी म्हटले. शिपायाच्या झोपडीपुरता तो तसाच राहिला होता.

छप्पर झाले म्हणजे घर झाले असे नाही. चूल मांडावयाची, तर इंधन कोठून आणावे? पाणी कोणत्या विहिरीचे गोड आणि त्या विहिरीवर आपल्या जातीस मज्जाव तर नाही ना? मूल तापाने फणफणले तर कोणाला विचारावे, आणि कोणत्या भाषेत? तामिळ किंवा तेलुगू बोलणारी बाई जालन्याच्या बाजारात प्रथम उभी राहिली असेल, तेव्हा तिने जोंधळ्याचा भाव बोटांवरच विचारला असेल. तिला नव्या ठाण्याचा नकाशा कोणी दिला नव्हता. तो तिने पायांनी काढला. माझ्या मते नव्या ठाण्यावरील खरी मोहीम ही होय, आणि ती सेनापतीने लढविली नाही.

या मोहिमेत तिच्या साह्यास जे लोक होते, त्यांना आपल्या भाषेत एक नाव आहे. ते नाव आज शिवीसारखे वापरले जाते. 'बाजारबुणगे.' लष्कराबरोबर चालणारा, न लढणारा सारा समुदाय म्हणजे बुणगे. पानिपतच्या पराभवाची चर्चा निघाली, की आपण पहिला दोष या बिचाऱ्यांच्या माथी मारतो. परंतु त्यांच्यावाचून कोणतीही फौज एक मजल चालली नसती. इंग्रजांचीही नाही. १८३८ साली अफगाणिस्तानच्या स्वारीसाठी बंगालकडून जी फौज निघाली, तिच्यात लढणारे सुमारे ९,५०० आणि बरोबरचे लोक सुमारे ३८,००० होते. एका शिपायामागे चार बुणगे! असईच्या मोहिमेत वेलस्लीची पत्रे पाहिली, तर शत्रूच्या तोफांइतकीच चिंता बैलांची आणि धान्य पुरविणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यांची दिसते. ज्याने पुढे नेपोलियनचा पराभव केला, तो जालन्याच्या माळावर वंजाऱ्यांची वाट पाहत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जालन्याच्या छावणीतील या लोकांची यादीच करावयाची, तर पखालीने पाणी भरणारे भिस्ती, घोड्यांचे मोतद्दार, गवत कापून आणणारे घसियारे, नालबंद, परीट, शिंपी, मोची, न्हावी, कलाल, सराफ, वाणी, भाजीवाल्या बायका, बंगल्यातील खानसामे आणि आया. बाजारावर कोतवाल व चौधरी नेमलेले असत. धान्याचा निरख ठरवून दिला जाई. शिपायाचा पगार झाला, की बाजार फुले. पगार अडला, की बाजार सुके. आणि पगार अडतही असे. १८५३ पूर्वी कंटिन्जंटचा पगार निजामाच्या खजिन्यातून वेळेवर निघत नसे. तो इंग्रज आपल्या तिजोरीतून देत आणि निजामाच्या नावे कर्ज मांडीत. त्या कर्जाच्या पोटी १८५३ च्या तहाने निजामास वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवाली करावा लागला. तहात कंटिन्जंटचे बळ निदान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि तोफांच्या चार बॅटऱ्या असे ठरले. म्हणजे फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा! राजकारणाच्या पुस्तकात ही गोष्ट एवढ्यावरच संपते. परंतु वऱ्हाडचा तह होईपर्यंत तटलेल्या पगारावर घर चालले ते कोणाच्या जिवावर? वाण्याच्या उधारीवर. नव्या गावात उधारी मिळणे म्हणजे त्या गावाने तुम्हाला आपले म्हणणे. ज्या दिवशी वाणी वही काढून विचारतो, "नाव काय लिहू?" त्या दिवशी माणूस त्या गावाचा झाला.

पुढे १८५७ साल आले. जूनमध्ये औरंगाबादेस कंटिन्जंटच्या घोडदळात उठाव झाला व तो मोडून काढण्यात आला. दुसऱ्या वर्षी याच कंटिन्जंटच्या तुकड्या सर ह्यू रोजच्या हाताखाली झाशी, काल्पी, ग्वाल्हेर अशा लढल्या. स्वदेशीयांविरुद्ध लढल्या, हे आपल्या अभिमानाचे स्थळ नव्हे. पण तेही ठाण्याठाण्यांतून फिरणाऱ्या पोटार्थी माणसाचे प्राक्तन होते. ज्याचे गाव त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर बदलते, त्याला आपले कोण आणि परके कोण हे ठरविण्याचा अवसर थोडाच मिळतो.

हळूहळू या मुशाफिरांतून वस्ती घडू लागली. पेन्शन झालेला शिपाई, ज्याच्या मूळ गावी आता त्याला ओळखणारे कोणी उरले नव्हते, तो छावणीच्या कडेलाच जागा घेऊन राही. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांना दक्षिणेतील लोक 'परदेशी' म्हणत. मराठवाड्यातील छावणीच्या गावांतून हे आडनाव आजही घरोघर ऐकू येते. मौज अशी, की चार-पाच पिढ्या जोंधळ्याची भाकरी खाऊन अस्खलित मराठी बोलणारे हे लोक नावाने परदेशीच राहिले. याच छावणीच्या काळात रेव्हरंड नारायण शेषाद्री या मराठी धर्मोपदेशकाने जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. सारांश, कदीम जालन्याच्या शेजारी एक असे गाव तयार झाले, की ज्यातील प्रत्येक जण कोठून तरी आलेला होता.

आणि मग एके दिवशी छावणी उठली. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झन व निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार झाला. वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचे इंग्रजांकडे राहिले, कंटिन्जंट ही स्वतंत्र फौज संपली, आणि १९०३ साली तिच्या पलटणी हिंदी सैन्यात विलीन झाल्या. जालन्याचे ठाणे बंद झाले. १९०१ च्या खानेसुमारीत जालन्याची लोकसंख्या २०,२७० व नदीपलीकडील कादिराबादची ११,१५९ होती. एवढ्या गावातून पलटण, तिचे घोडे, तिचे बंगलेवाले आणि तिचा महिन्याचा पगार एकदम निघून गेला, तर काय व्हावे? भल्याभल्या छावण्या अशा वेळी ओसाड झाल्या आहेत. बंगल्यांच्या भिंतींवर पिंपळ उगवले आहेत.

जालना ओसाड झाले नाही. १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यास येऊन पोहोचली होती. लष्कर गेले, पण कापूस आणि धान्य नेणारी गाडी आली होती. येथील बागांतील फळे तेव्हाही बाहेरगावी जात. आज जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. रेल्वेला माल हवा होता आणि माल विकणारे लोक सदर बाजारात बसलेलेच होते. पलटणीला हुकूम आला, ती गेली. बाजारबुणग्यांना कोणी हुकूम दिला नव्हता. ते राहिले. ज्यांना आपण लष्कराची शेपटी म्हणून हिणविले, त्यांनीच गाव उभे धरले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईच्या वेळी हिंदी सैन्य औरंगाबादेवरून जालन्यास आले, तेव्हा ते सोडून दिलेल्या ठाण्यात नव्हे, तर एका भरल्या गावात आले. १ मे १९८१ रोजी याच गावाच्या नावाने स्वतंत्र जिल्हा झाला.

आता शेवटची गोष्ट, जी सांगेन असे म्हटले होते.

जालन्यास राज्य राखीव पोलीस दलाचा एक गट आहे. त्यामुळे आमच्या शाळेत मधूनमधून बदलीवर आलेल्या जवानांची मुले भरती होत. एका वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर, म्हणजे पूर्वी पलटणी हलत त्याच हंगामात, पाचवीच्या वर्गात एक मुलगा आला. मी भूगोलाच्या तासाला मुलांना सांगितले, "शाळेपासून आपल्या घरापर्यंतचा नकाशा काढा." सर्वांनी काढला. या मुलाची पाटी कोरी. दुसऱ्यांदा सांगितले, तरी कोरी. मला राग आला. "मठ्ठ आहेस काय?" असे चारचौघांत बोललो आणि तास संपेपर्यंत उभे केले. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला व हळूच म्हणाला, "गुरुजी, रस्ता अजून पाठ झाला नाही. परवा रात्रीच आलो. सकाळी बाबांनी सोडले."

त्याच्या दाखल्यावर माझी सही होती. त्यावर मागल्या शाळेचे नाव आणि शाळा सोडल्याची तारीख, दोन्ही स्पष्ट लिहिलेली होती. मी वाचून सही केली होती. परंतु मला त्यात मुलगा दिसला नव्हता, दाखला दिसला होता. 'येऊन दाखल झाला' हे वाक्य मी इतिहासात आयुष्यभर शिकविले, आणि ज्या दिवशी खरोखरच एक जण दाखल झाला, त्या दिवशी मी त्याला ओळखले नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर चूक कबूल केली आणि शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत गेलो. वाटेत खुणा दाखविल्या: हे वडाचे झाड, हे रॉकेलचे दुकान, ही पाण्याची टाकी. घरी त्याच्या आईने अजून सामान सोडले नव्हते. पण चूल पेटली होती. तिने चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "गुरुजी, इथे उधारीवर देणारा चांगला वाणी कोण?" तो प्रश्न ऐकून मला सदर बाजाराचा अर्थ कळला, असे म्हटले तर चालेल.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या शेजारी बदलीवरची कुटुंबे राहावयास येतात. सैन्यातली असोत, पोलिसांतली, रेल्वेतली वा बँकेतली. ट्रकमधून सामान उतरते आणि आपण खिडकीतून पाहतो. त्या वेळी एवढे करावे. खाली उतरावे, पाण्याची वेळ सांगावी, वाण्याचे दुकान दाखवावे, आणि त्यांच्या मुलाला शाळेचा रस्ता एकदा बरोबर चालून पाठ करून द्यावा.